न दिसणाऱ्याची साक्ष : दुर्बल गुरुत्वीय भिंग आणि उद्याची उपकरणे

इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाने विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी खगोलशास्त्रावर लेख का लिहावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कारण सांगतो. नववीच्या वर्गात 'इतिहासाची साधने' हा पाठ चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ज्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही आणि ज्यांच्याविषयी दुसऱ्या कोणी लिहिले नाही, ती माणसे होती हे आपल्याला कसे कळायचे?" प्रश्न आपल्या समाजाच्या इतिहासाच्या मुळाशी जाणारा होता. त्याचे उत्तर देताना मी जातपंचायतींचे कागद, महसुली दप्तरे आणि न्यायालयीन निवाडे यांची उदाहरणे दिली. इतरांच्या नोंदींवर पडलेला दाब पाहून नोंद नसलेल्या माणसांचा माग काढता येतो, हे सांगितले. त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर मुलांसोबत तारे पाहत असताना लक्षात आले की, विश्वातील न दिसणाऱ्या द्रव्याचा शोध घेणारे शास्त्रज्ञही हीच वाट चालत आहेत. या पद्धतीचे नाव 'दुर्बल गुरुत्वीय भिंग'. तिच्यासाठी जगात आज जी उपकरणे उभी राहत आहेत, त्यांची ओळख आजी-माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. वाकलेला प्रकाश

प्रकाश सरळ रेषेत जातो, असे आपण प्राथमिक शाळेत शिकतो. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमान आपल्या सभोवतालच्या अवकाशाला वक्रता देते आणि प्रकाश त्या वक्रतेच्या मार्गाने जातो. ताऱ्याचा किरण सूर्याच्या कडेजवळून गेला, तर तो १.७५ कोनीय सेकंद इतका वळला पाहिजे, असे या सिद्धांताचे भाकीत होते. एका अंशाचे ३,६०० भाग केले की त्यातील एक भाग म्हणजे एक कोनीय सेकंद. न्यूटनच्या विचारांवरून केलेले गणित याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ०.८७ कोनीय सेकंद, असे उत्तर देत होते. खरे कोणते, हे मोजूनच ठरणार होते.

सूर्याच्या झगमगाटात त्याच्याजवळचे तारे दिसत नाहीत. त्यासाठी खग्रास ग्रहणाची वाट पाहावी लागते. २९ मे १९१९ च्या ग्रहणासाठी इंग्लंडहून दोन तुकड्या निघाल्या. आर्थर एडिंग्टन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर गेले. दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल या गावी गेली. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये निकाल जाहीर झाला आणि तो आइन्स्टाइन यांच्या बाजूने होता.

या कथेतील एक भाग पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. सोब्राल येथे दोन दुर्बिणी होत्या. त्यांतील एकीच्या प्रतिमा उन्हाच्या तापाने आरशावर परिणाम होऊन अस्पष्ट झाल्या आणि तिचे उत्तर न्यूटनच्या आकड्याजवळ आले. दुसऱ्या, लहान दुर्बिणीच्या प्रतिमा स्वच्छ होत्या आणि तिचे उत्तर आइन्स्टाइन यांच्या आकड्याजवळ होते. पहिल्या दुर्बिणीचा पुरावा बाजूला ठेवण्यात आला. तो बाजूला ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. अखेर १९७९ मध्ये त्याच जुन्या छायाचित्र-काचा नव्या यंत्रांनी पुन्हा मोजण्यात आल्या आणि मूळ निष्कर्षाला बळ मिळाले. आकाशाचे मोजमाप करताना आपल्या उपकरणाने केलेली चूक किती आणि आकाशाने दिलेली माहिती किती, हे वेगळे काढावे लागते, हा धडा पहिल्याच प्रयोगाने दिला. या लेखात पुढे हीच गोष्ट वारंवार येणार आहे.

२. हिशेबात न बसणारे वस्तुमान

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने 'कोमा' या दीर्घिकासमूहाचा अभ्यास केला. आपली आकाशगंगा ही जशी अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका आहे, तशा शेकडो दीर्घिका या समूहात एकत्र नांदतात. त्या इतक्या वेगाने फिरताना आढळल्या की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणेच शक्य नव्हते. तेथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष झ्विकी यांनी काढला. अनेक वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणणाऱ्यांत व्हेरा रुबिन यांचे नाव अग्रभागी आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागात पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या काळी स्त्रियांना प्रवेश नव्हता. १९७५ पर्यंत ते दार बंदच होते. पालोमार वेधशाळेत त्यांना १९६५ मध्ये अधिकृतपणे निरीक्षणाची परवानगी मिळाली. तोवर तेथे एकच स्वच्छतागृह आहे, हे स्त्रियांना नकार देण्याचे एक कारण सांगितले जात असे. पाणवठा, मंदिर आणि शाळा यांच्या दारांचा इतिहास माहीत असलेल्या वाचकांना या कारणाचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. रुबिन यांनी केंट फोर्ड यांच्यासह १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाची मोजमापे प्रसिद्ध केली. केंद्रापासून दूर असलेले भागही अपेक्षेपेक्षा वेगाने फिरत होते. पुढील काळात अनेक दीर्घिकांत हेच आढळले. आजच्या अंदाजानुसार विश्वाच्या एकूण घटकांपैकी आपल्या ओळखीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, न दिसणारे कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा सुमारे ६८ टक्के आहे.

कृष्णद्रव्य प्रकाश देत नाही, शोषत नाही, अडवतही नाही. ते फक्त वस्तुमान असल्यासारखे वागते. म्हणून त्याच्यामागून येणारा प्रकाश ते वळवते. २००६ मध्ये एकमेकांवर आदळून पुढे गेलेल्या दोन दीर्घिकासमूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील तप्त वायू टकरीत मागे रेंगाळला होता, हे चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने दाखवले. मागच्या दीर्घिकांचा वळलेला प्रकाश मोजला तेव्हा वस्तुमानाचा मोठा भाग मात्र वायूच्या पुढे, दोन्ही बाजूंना असल्याचे दिसले. सामान्य द्रव्यात वायूचाच वाटा मोठा असतो. तरीही वस्तुमान वायूजवळ नव्हते. दिसणारे एका जागी आणि वजन दुसऱ्या जागी, असा हा पुरावा होता.

३. 'दुर्बल' म्हणजे किती दुर्बल?

एक सोपा प्रयोग घरी करून पाहावा. गणिताची चौकटीची वही टेबलावर ठेवावी. जाड तळाचा काचेचा पेला तिच्यावर ठेवून वरून पाहावे. तळाखालच्या चौकटी वाकलेल्या दिसतील. पेला हळूहळू सरकवला की वाकणही सरकेल. समजा, काच पूर्ण पारदर्शक असून डोळ्यांना मुळीच दिसत नाही. तरीही चौकटींच्या वाकण्यावरून पेला कोठे आहे आणि त्याचा तळ किती जाड आहे, हे सांगता येईल. विश्वातील कृष्णद्रव्य हा तो न दिसणारा पेला आणि दूरच्या दीर्घिका ही आपली चौकटीची वही.

दीर्घिका आणि वस्तुमान अगदी एका रेषेत आले, तर दूरच्या दीर्घिकेची दोन-तीन बिंबे दिसतात, किंवा तिच्या प्रकाशाची कमान अथवा कडे बनते. अशी जोडबिंबाची पहिली नोंद १९७९ मध्ये झाली. हे प्रबळ भिंग होय, पण ते दुर्मिळ असते. आकाशात जवळजवळ सर्वत्र आढळते ते दुर्बल भिंग. त्यात दीर्घिकेचा आकार साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी ताणला जातो. १०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ एका दिशेने १०१ आणि दुसऱ्या दिशेने ९९ मिलिमीटर झाले, तर नुसत्या डोळ्यांना तो फरक कळेल का?

येथे अडचण आणखी वाढते. आपल्या वहीच्या चौकटी मुळात चौरस होत्या. दीर्घिका मात्र मुळात गोल नसतात. कोणी लांबट, कोणी चपटी, कोणी तिरपी. त्यांचा स्वतःचा लांबटपणा भिंगाने दिलेल्या ताणाच्या सुमारे तीसपट असतो. म्हणून एका दीर्घिकेकडे पाहून काहीही सांगता येत नाही. तिच्या आकारात जन्मजात भाग किती आणि वाटेत पडलेल्या दाबाचा भाग किती, हे ती एकटी सांगू शकत नाही.

यातून वाट निघते ती सरासरीने. परस्परांशी संबंध नसलेल्या दीर्घिकांची तोंडे चारही दिशांना असतात, त्यामुळे त्यांचा मूळचा तिरपेपणा सरासरीत एकमेकांना खोडून काढतो. वाटेतील वस्तुमानाने दिलेला ताण मात्र त्या भागातील सर्वांवर एकाच दिशेने असतो, म्हणून तो उरतो. गोंधळ संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. सुमारे ९०० दीर्घिका घेतल्या की गोंधळ आणि ताण बरोबरीला येतात. गोंधळ ताणाच्या एक दशांशावर आणायचा असेल, तर सुमारे ९०,००० दीर्घिका हव्यात. संपूर्ण विश्वाचा नकाशा काढायचा असेल, तर कोट्यवधी. १९९० मध्ये दीर्घिकासमूहांभोवती हा परिणाम प्रथम मोजला गेला. २००० मध्ये चार गटांनी स्वतंत्रपणे तो मोकळ्या आकाशातही मोजला. २०२१ मध्ये 'डार्क एनर्जी सर्व्हे' या प्रकल्पाने चिली देशातील दुर्बिणीवरच्या ५७ कोटी पिक्सेलांच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या सुमारे १० कोटी दीर्घिकांच्या आकारांवर आधारलेले निष्कर्ष मांडले.

४. आधी आपल्या दृष्टीचा दोष

संख्या वाढवली की सर्व चुका जातात, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो खरा नाही. वर्गातील प्रत्येक मुलाने आपापल्या अंदाजाने बाकाची लांबी सांगितली, तर सरासरी खऱ्या लांबीच्या जवळ येईल. पण सर्वांच्या हाती एकच झिजलेली फूटपट्टी दिली, तर हजार वेळा मोजूनही तीच चूक हजार वेळा होईल. सर्वांना समान असलेला दोष संख्येने जात नाही. तो ओळखावा लागतो, मोजावा लागतो आणि वजा करावा लागतो.

दुर्बल भिंगाच्या अभ्यासात असे दोष अनेक आहेत. वातावरणाच्या हालचालीने प्रतिमा पसरते. दुर्बिणीच्या आरशाला किंचित बाक असेल, तर प्रत्येक दीर्घिका एकाच दिशेने लांबट दिसते, आणि हा खोटा लांबटपणा खऱ्या ताणाहून मोठा असू शकतो. यावर उपाय ताऱ्यांचा. तारे इतके दूर असतात की ते बिंदूच दिसायला हवेत. बिंदू लांबट दिसला, तर तो दोष आपल्या यंत्राचा. म्हणून प्रत्येक छायाचित्रातील ताऱ्यांवरून दोषाचा नकाशा काढून तो दीर्घिकांच्या आकारांतून काढून टाकतात. पण ताऱ्यांवरही आंधळेपणाने विसंबता येत नाही. कॅमेऱ्याच्या जाड संवेदकात तेजस्वी ताऱ्याचा विद्युतभार साचतो, तो पुढच्या भाराला बाजूला ढकलतो आणि तेजस्वी तारा मंद ताऱ्यापेक्षा थोडा जाड दिसतो. हा परिणामही वेगळा मोजून दुरुस्त करावा लागतो.

गेल्या दशकात एक चांगली युक्ती रूढ झाली. संगणकावर खऱ्या छायाचित्रालाच आपल्याला माहीत असलेला लहानसा ताण द्यायचा आणि आपली मोजण्याची पद्धत तो ताण किती दाखवते ते पाहायचे. एक टक्का दिला आणि ०.९ टक्का दिसला, तर आपली पद्धत किती कमी मोजते ते कळते, आणि खऱ्या मोजमापातही तेवढी दुरुस्ती करता येते. येऊ घातलेल्या सर्वेक्षणांना ही अचूकता हजारात दोन इतक्या मर्यादेत ठेवायची आहे.

दुसरा मोठा दोष अंतराचा. कोणती दीर्घिका भिंगाच्या पुढे आणि कोणती मागे, हे कळले नाही तर सारा हिशेब चुकतो. प्रत्येकीचा वर्णपट घेणे शक्य नसते, म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरांतून तिचे तेज मोजून अंतराचा अंदाज करतात. अंतरानुसार दीर्घिकांचे थर पाडले की कृष्णद्रव्याचा नकाशाही थराथराने मिळतो. दूरचा थर म्हणजे जुना काळ. अशा रीतीने विश्वातील द्रव्य कसकसे गोळा होत गेले, त्याचा कालक्रम हाती येतो.

५. उद्याची उपकरणे

आता ज्या साधनांवर पुढील दहा-पंधरा वर्षांची भिस्त आहे, त्यांच्याकडे वळू.

पहिले, युरोपीय अवकाश संस्थेचे 'यूक्लिड'. १ जुलै २०२३ रोजी ते अवकाशात गेले आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून काम करते. त्याचा आरसा १.२ मीटरचा आणि दृश्य प्रकाशाचा कॅमेरा सुमारे ६० कोटी पिक्सेलांचा आहे. वातावरण नसल्याने प्रतिमा स्थिर आणि रेखीव मिळते. सहा वर्षांत आकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग आणि दीड अब्जाच्या आसपास दीर्घिका टिपण्याचे उद्दिष्ट आहे. तेथेही दोष चुकला नाही. यानाबरोबर गेलेली पाण्याची वाफ हळूहळू बर्फाचा अतिसूक्ष्म थर बनून बसली आणि येणारा प्रकाश घटू लागला. मार्च २०२४ मध्ये एका आरशाचे तापमान उणे १४७ वरून उणे ११३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढवण्यात आले. तेवढ्या उबेने बर्फ गेला आणि दृष्टी निवळली.

दुसरे, चिलीमधील सेरो पाचोन पर्वतावरील 'व्हेरा रुबिन वेधशाळा'. जिला एकेकाळी विद्यापीठाच्या दारातून परतावे लागले, तिच्या नावाने ही वेधशाळा उभी आहे. आरसा ८.४ मीटरचा, तर कॅमेरा ३२० कोटी पिक्सेलांचा. एका वेळी सुमारे ४५ पूर्णचंद्र मावतील एवढे आकाश तो टिपतो. २३ जून २०२५ रोजी तिची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. दर रात्री सुमारे २० टेराबाइट माहिती जमा होईल आणि दहा वर्षांत दक्षिण आकाशाच्या प्रत्येक भागावर ती सुमारे ८०० वेळा परतेल. दर वेळी हवा वेगळी, कॅमेऱ्याचा कोन वेगळा, त्यामुळे एका वेळचा दोष दुसऱ्या वेळी उघडा पडतो. सहा फिल्टरांमुळे दीर्घिकांच्या अंतरांचा अंदाजही सुधारतो. यूक्लिडची रेखीव प्रतिमा आणि रुबिनचे रंग एकत्र केले, तर दोघांच्याही उणिवा भरून निघतात. कृत्रिम उपग्रहांच्या वाढत्या संख्येने छायाचित्रांवर पडणारे ओरखडे ही मात्र जमिनीवरच्या वेधशाळांपुढची नवी अडचण आहे.

तिसरे, अमेरिकेच्या नासा संस्थेची 'नॅन्सी ग्रेस रोमन' अवकाश दुर्बीण. ती मे २०२७ पर्यंत, शक्य झाल्यास त्याआधीच, प्रक्षेपित करण्याचे नियोजन आहे. नॅन्सी ग्रेस रोमन या नासाच्या खगोलशास्त्र विभागाच्या पहिल्या प्रमुख. या दुर्बिणीचा आरसा हबल दुर्बिणीएवढाच, म्हणजे २.४ मीटरचा आहे, पण एका नजरेत तिला हबलच्या किमान शंभरपट आकाश दिसेल. ती अवरक्त प्रकाशात पाहणार असल्याने अतिदूरच्या, म्हणून लालसर झालेल्या दीर्घिकांचे आकार तिला नीट मोजता येतील.

चौथा मार्ग कमी खर्चाचा, फुग्याचा. १६ एप्रिल २०२३ रोजी न्यूझीलंडमधील वानाका येथून अर्धा मीटर आरशाची एक दुर्बीण फुग्याखाली टांगून सुमारे ३३ किलोमीटर उंचीवर सोडण्यात आली. तेथे बहुतेक वातावरण खाली राहते. तिने पाचएक आठवडे दक्षिण गोलार्धाला फेऱ्या घातल्या आणि दीर्घिकासमूहांची छायाचित्रे घेतली. दक्षिण अर्जेंटिनात उतरताना हवाई छत्रीने फरफटत नेल्यामुळे दुर्बीण नष्ट झाली. पण माहितीच्या प्रती लहान कुप्यांत भरून आधीच खाली टाकल्या होत्या, त्या सापडल्या. साधन मोडले तरी पुरावा वाचला. आता याहून मोठ्या आरशाच्या फुगा-दुर्बिणीची तयारी चालू आहे.

पाचवा मार्ग रेडिओ लहरींचा. 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' हा प्रकल्प दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात उभा राहत आहे. दक्षिण आफ्रिकेत १९७ थाळ्या आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ लहान अँटेना असतील. रेडिओ दुर्बिणीने प्रतिमा कशी पसरते हे अँटेनांच्या जागांवरून गणिताने काढता येते, तेथे वातावरणाच्या थरथराटाचा त्रास वेगळ्या स्वरूपाचा असतो. शिवाय दीर्घिकेतील वायूचा वेग किंवा लहरींचे ध्रुवीकरण मोजले, तर तिचा मूळचा कल कोणता होता याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे सरासरीने खोडावा लागणारा गोंधळ मुळातच कमी होईल. या प्रकल्पात भारत सहभागी आहे आणि आपल्या पुणे जिल्ह्याशी त्याचे थेट नाते आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तेथे मिळालेल्या अनुभवाच्या बळावर पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने नव्या प्रकल्पाच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरच्या आखणीत पुढाकार घेतला.

सहावा मार्ग सर्वांत दूरच्या प्रकाशाचा. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना निघालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. वाटेतील कृष्णद्रव्याने त्याचेही ठिपके किंचित हलवले आहेत. चिलीच्या अटाकामा वाळवंटात सुमारे ५,२०० मीटर उंचीवर असलेली 'सायमन्स वेधशाळा' निरपेक्ष शून्याच्या वर फक्त एक दशांश अंश तापमानाला ठेवलेल्या ६०,००० हून अधिक संवेदकांनी ते टिपते.

ही सारी साधने हवीत कशाला? एकाच मोठ्या दुर्बिणीने भागणार नाही का? इतिहासाचा विद्यार्थी याचे उत्तर सहज देईल. एकाच दप्तरातील शंभर कागदांपेक्षा परस्परांशी संबंध नसलेल्या दोन दप्तरांतील दोन कागद अधिक विश्वसनीय असतात. आरशाचा दोष अँटेनेत नसतो आणि अँटेनेचा दोष फुग्यावरच्या कॅमेऱ्यात नसतो. सर्वांनी मिळून जे सांगितले, ते आकाशाचे असण्याचा संभव अधिक.

६. स्वतःपासून लपवलेला निकाल

यंत्राच्या दोषाइतकाच माणसाच्या मनाचा दोष घातक असतो. अपेक्षित उत्तर आले की तपासणी थांबवायची आणि अनपेक्षित उत्तर आले की चूक शोधत बसायचे, ही आपणा सर्वांची सवय. म्हणून या क्षेत्रातील गटांनी एक शिस्त लावून घेतली आहे. खऱ्या माहितीबरोबर मुद्दाम बदललेल्या तिच्या आणखी प्रती तयार करतात. खरी कोणती, हे बाहेरच्या एका व्यक्तीलाच ठाऊक असते. सर्व प्रतींवर संपूर्ण काम करायचे, पद्धत कायम करायची, आणि मगच खरी प्रत उघडायची. त्यानंतर पद्धतीत सोयीचा बदल करायचा नाही.

या शिस्तीचा कस नुकताच लागला. दुर्बल भिंगाच्या काही सर्वेक्षणांनुसार आजच्या विश्वातील द्रव्य, सूक्ष्मलहरींवरून बांधलेल्या अपेक्षेपेक्षा काहीसे कमी गोळा झालेले दिसत होते. नवे भौतिकशास्त्र सापडले की काय, अशी चर्चा अनेक वर्षे चालली. चिलीतील 'किलो-डिग्री सर्वेक्षण' या प्रकल्पाने १,३४७ चौरस अंशांच्या आकाशाची अंतिम माहिती २०२५ मध्ये मांडली, तेव्हा दीर्घिकांच्या अंतरांची मोजणी सुधारल्यावर ती तफावत जवळजवळ मिटली. खळबळजनक शोधाची शक्यता त्यांनी स्वतःच कमी केली आणि तसे जाहीर केले. कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते की काय, असे संकेतही अलीकडच्या दीर्घिका-सर्वेक्षणांतून मिळाले आहेत. ते खरे की मोजमापाचा भास, हे ठरवण्यात दुर्बल भिंगाचा वाटा मोठा राहील.

केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपल्या विद्यालयातील प्रत्येक मुलाला माहीत आहे. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हा त्याचा आशय. आधुनिक विज्ञान त्या सुत्तात दडलेले होते, असा दावा मी करणार नाही. तसा दावा करणे हे त्या उपदेशाच्याच विरुद्ध होईल. पण आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षालाही तीच कसोटी लावायची, ही वृत्ती दोन्हीकडे सारखी आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाचा समावेश आहे. त्याचा अर्थ विज्ञानाची माहिती पाठ करणे एवढाच नाही. स्वतःची फूटपट्टी तपासण्याची तयारी, हा त्याचा गाभा आहे.

७. त्या प्रश्नाकडे परत

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. ठरावात कोणा तहानलेल्या बाईचे नाव नाही. रणरणत्या उन्हात तिला किती वेळ विहिरीपासून दूर थांबावे लागले, याची नोंद नाही. पण असा ठराव करावा लागला, यातच ती आहे. तिच्या दाबाने राज्यकारभाराची भाषा वाकली. त्यानंतर २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली, तेव्हा ते वजन साऱ्या देशाला दिसले.

उपमा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य. माणसे म्हणजे कृष्णद्रव्य नव्हेत. ती बोलत होती, ऐकून घेणारे नव्हते. तरीही अभ्यासकाला दोन्हीकडे एकच काम करावे लागते. एकेकट्या क्षीण खुणा गोळा करायच्या, त्यांची बेरीज करायची, आणि त्याआधी नोंद करणाऱ्याच्या नजरेतला कल वजा करायचा. जुन्या दप्तरांतील नोंदी लिहिणाऱ्या हातांना त्यांच्या जातीचा आणि पदाचा कल होता. तो न ओळखता हजार कागद वाचले, तरी एकाच झिजलेल्या फूटपट्टीचे हजार आकडे हाती येतील.

आमच्या विद्यार्थ्यांना या कामात वाटा मिळू शकतो, हे शेवटी आवर्जून सांगावेसे वाटते. यूक्लिडच्या माहितीचा पहिला भाग मार्च २०२५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. 'गॅलेक्सी झू' या उपक्रमात २००७ पासून सामान्य नागरिक दीर्घिकांचे आकार ओळखून शास्त्रज्ञांना मदत करीत आले आहेत आणि आता त्यात यूक्लिडची छायाचित्रेही आली आहेत. त्यासाठी पदवीची अट नाही. संगणक, इंटरनेट आणि लक्ष देऊन पाहण्याची सवय पुरते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरते, तेथे विद्यालयाची सहल नेता येईल. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज अभियंते, संगणकतज्ज्ञ, प्राध्यापक आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहात येऊन मुलांना सांख्यिकी आणि संगणक-आज्ञावली शिकवली, तर या स्मरणिकेचे सार्थक होईल. उद्याच्या खगोलशास्त्राला आरसा घासणाऱ्यांइतकीच चूक शोधणाऱ्यांची गरज आहे.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी चौकटीची वही आणि पेला दाखवला. तिने पेला सरकवून पाहिला, थोडा विचार केला आणि विचारले, "सर, पण वहीच वाकडी छापलेली असेल तर?" मी म्हणालो, "तेच शोधायला माणसे आकाशात दुर्बिणी पाठवीत आहेत." तिचा प्रश्न मी वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे.